तारीख पुढे गेलेली मुले : महामारी आणि मुलांच्या नियोजित शस्त्रक्रिया

मुलांच्या शस्त्रक्रिया ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. आतड्याला पीळ पडला, अपघात झाला, अपेंडिक्स फुटले, तर त्याच रात्री ऑपरेशन करावे लागते. दुसऱ्या प्रकारात डॉक्टर मुलाला तपासतात, रक्त पाहतात, वजन पाहतात आणि पुढची तारीख देतात. दुभंगलेला ओठ शिवणे, वाकडा पाय सरळ करणे, हृदयाचे छिद्र बंद करणे, पोटातच राहिलेला अंडकोष खाली आणून बसवणे, जन्मजात मोतीबिंदू काढणे, ही सगळी तारखेची ऑपरेशने. वैद्यकीय भाषेत त्यांना नियोजित शस्त्रक्रिया म्हणतात. महामारी आली की रुग्णालये सर्वांत आधी हीच थांबवतात.

कारण वरवर पटण्यासारखे असते. मूल आज दगावणार नाही, मग चार महिने थांबले तर काय बिघडले? प्रौढ माणसाच्या बाबतीत हा हिशेब पुष्कळदा बरोबर असतो. पन्नाशीच्या माणसाचा हर्निया चार महिन्यांनी केला, तरी ऑपरेशन तेच राहते आणि माणूसही तोच राहतो. सहा महिन्यांचे बाळ मात्र चार महिन्यांनी दहा महिन्यांचे झालेले असते. तेवढ्यात त्याची हाडे घट्ट होतात, मेंदूतील दृष्टीची जोडणी पक्की होते, ते बोलायला शिकू लागते. रुग्णालय थांबते, मुलाची वाढ थांबत नाही. या व्याख्यानाचा विषय त्या दोन गतींमधले अंतर हा आहे, आणि ते अंतर हिंगोलीसारख्या जिल्ह्यात इतर ठिकाणांपेक्षा जास्त का पडते हा आहे.

आधी तारखांचा अर्थ पाहू. दुभंगलेला ओठ साधारण तिसऱ्या महिन्यानंतर शिवतात. त्यासाठी एक जुना ठोकताळा आहे : वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा ग्रॅम. टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिवतात, कारण त्यानंतर मूल शब्द जुळवू लागते. टाळू उघडा राहिला तर हवा नाकातून निसटते, उच्चार चुकीचे बसतात आणि पुढे ऑपरेशन होऊनही ते सहज सुटत नाहीत. पोटात राहिलेला अंडकोष सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान खाली आणावा लागतो. उशीर झाला तर त्याची वाढ खुंटते, पुढे वंध्यत्वाचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो. एका डोळ्यातला जन्मजात मोतीबिंदू सहा आठवड्यांच्या सुमारास काढला नाही, तर डोळा साफ होऊनही मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकत नाही. यकृताबाहेरच्या पित्तनलिका बंद असलेल्या बाळावर कासाई नावाचे ऑपरेशन करतात. ते साठ दिवसांच्या आत झाले तर यश चांगले मिळते. पुढे यश घसरत जाते आणि शेवटी यकृतरोपणाखेरीज मार्ग उरत नाही. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधले छिद्र मोठे असेल तर रक्ताचा जादा दाब फुप्फुसाच्या वाहिन्यांवर पडत राहतो. काही काळाने त्या वाहिन्या कायमच्या कडक होतात, आणि मग छिद्र बंद करणेच मुलाच्या जिवावर बेतते. आज सहज होणारे ऑपरेशन तीन वर्षांनी करताच येत नाही, असे या आजारात घडते. बालशल्यचिकित्सेतील तारीख पेरणीच्या वाफशासारखी असते : वाफसा गेल्यावर पेरले तर बी तेच असते, उगवण तशी होत नाही.

वाकड्या पायाचे उदाहरण आणखी बोलके आहे, कारण त्यात मोठे ऑपरेशन नसतेच. अमेरिकेतील आयोवा येथे काम केलेले अस्थिशल्यविशारद इग्नासिओ पॉन्सेटी यांची पद्धत आता जगभर वापरली जाते. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत पाय हळूहळू वळवून प्लास्टर घालायचे, दर आठवड्याला बदलायचे, अशी पाच-सहा प्लास्टरे. बहुतेक मुलांत शेवटी टाचेची शीर एका छोट्या छेदाने सैल करतात. त्यानंतर पट्टीने जोडलेले खास बूट : पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि मग चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री झोपताना. खर्च थोडा, यश उत्तम, पण सगळी भिस्त सातत्यावर. आठवड्याचे प्लास्टर चुकले, पायाला बूट लहान पडले आणि नवे मिळाले नाहीत, की पाय पुन्हा वळतो. कोविडच्या टाळेबंदीत हे उपचार तुटायला ऑपरेशन थिएटर बंद होण्याचीही गरज नव्हती. बस बंद होणे पुरे होते.

आणि तिसरे उदाहरण, ज्याविषयी चारचौघांत बोलले जात नाही. साधारण पाच हजार बाळांमागे एक बाळ शौचाची जागा तयार न होता जन्मते. पहिल्या दोन दिवसांत पोटावर शौचाचा तात्पुरता मार्ग काढून जीव वाचवतात. काही महिन्यांनी, १९८२ मध्ये अल्बर्टो पेन्या यांनी मांडलेल्या पद्धतीने, मूळ जागी नवा मार्ग तयार करतात. तो भरून आला, रुंदावला, की तिसऱ्या ऑपरेशनात पोटावरचा मार्ग बंद करतात. पहिले ऑपरेशन तातडीचे, म्हणून महामारीतही ते होते. दुसरे आणि तिसरे तारखेचे, म्हणून ती पुढे जातात. वर्षभरात संपायचे उपचार दोन-दोन, तीन-तीन वर्षे रेंगाळतात. तोवर आईने काय करायचे? पोटावरची पिशवी दर काही दिवसांनी बदलायची. पिशवी मिळाली नाही तर जुन्या लुगड्याच्या घड्या बांधायच्या. कातडी सोलवटते, बाळ रडते, घरात वास राहतो, शेजारची माणसे बाळाला घेत नाहीत. कागदोपत्री हे मूल ‘स्थिर’ असते. त्या आईने काढलेले महिने कोणत्याही अहवालात येत नाहीत.

आता हे सगळे हिंगोलीच्या मापात बसवून पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास धरला तर जिल्ह्यात वर्षाला सतरा-अठरा हजार बाळे जन्मतात. जन्मदोषांचे जे सर्वमान्य प्रमाण आहे ते या संख्येला लावले, तर दरवर्षी वीस-पंचवीस बाळांचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असणार, वीसेक बाळांचे पाय वाकडे असणार, तीन-चार बाळांना शौचाची जागा नसणार आणि दीडशेच्या घरात बाळांच्या हृदयात लहानमोठा दोष असणार. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे, पण आवाका कळायला पुरेसा आहे. महामारीची दोन वर्षे मोजली तर केवळ या चार दोषांची जिल्ह्यातील मुले चारशेच्या आसपास जातात. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही, हृदयाची बरीच लहान छिद्रे आपोआप बुजतात. पण कोणाचे बुजेल आणि कोणाचे नाही, हे तपासल्याशिवाय कसे कळणार?

मूल ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचते कसे, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे, कारण महामारीने मोडले ते हेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघर येथून झाली. जन्मतः व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब यांसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासायची, अशी त्याची रचना. दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक गाडीने गावोगाव जाते. अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा, शाळेतील एकदा तपासते. दोष आढळला की मूल जिल्हा रुग्णालयात, तेथून पुढे. हृदयदोषाचा संशय असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी टूडी इको तपासणीचे शिबिर भरते आणि निवडलेली मुले मुंबई-पुण्याकडे जातात. बाकीच्यांसाठी आजाराप्रमाणे नांदेडजवळ विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, किंवा मराठवाडा ज्याला ‘घाटी’ म्हणतो ते छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय. हिंगोलीहून नांदेड नव्वद किलोमीटरच्या आत आहे, घाटी दोनशेच्या पुढे. ऑपरेशनचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांसह, हिंगोली ज्यांत येते त्या आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या पत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही ती लागू होती.

याशिवाय महाराष्ट्रात शिबिरांची एक जुनी वाट आहे. पंढरपूरला जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित कित्येक दशके दरवर्षी येथे येऊन दुभंगलेल्या ओठांची ऑपरेशने मोफत करत. त्यांचे निधन २०११ मध्ये झाले, तरी शिबिराची कल्पना लोकांच्या मनात घट्ट आहे : अमुक महिन्यात मोठे डॉक्टर येतात, तेव्हा पोराला घेऊन जायचे.

म्हणजे सेनगाव तालुक्यातील एखाद्या तांड्यावर जन्मलेल्या बाळाचे ऑपरेशन होण्यासाठी इतके सगळे जुळावे लागते : अंगणवाडी उघडी हवी, पथकाची गाडी यायला हवी, जिल्हा रुग्णालयात तपासणी व्हायला हवी, एसटी चालू हवी, बाळाची आणि शिधापत्रिकेची कागदपत्रे हवीत, वडिलांची मजुरी बुडाली तरी चार दिवस घर चालायला हवे, मोठ्या रुग्णालयात खाट हवी, भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवे. यांतले एक निसटले तरी तारीख जाते. मार्च २०२० मध्ये हे सगळे एकदम निसटले.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटले. २० मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना दिली. त्याच आठवड्यात रेल्वे थांबली, राज्याने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. हिंगोलीत एप्रिलच्या अखेरीस मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांमध्ये संसर्ग आढळला आणि लहानशा जिल्ह्याची सारी आरोग्य यंत्रणा त्यामागे लागली. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके नाक्यांवर, विलगीकरण केंद्रांत आणि स्वॅब घेण्याच्या कामाला गेली. शाळा आणि अंगणवाड्या बंद होत्या, त्यामुळे पथके मोकळी असती तरी मुले एका ठिकाणी भेटली नसती. १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघर गेल्या. त्यांच्या हाती तापमापक आणि ऑक्सिमीटर होते, प्रश्न होते ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब यांचे. त्याच घराच्या कोपऱ्यात वाकड्या पायाचे दोन महिन्यांचे बाळ असले, तरी त्यासाठी अर्जावर रकाना नव्हता. दोष त्या बायांचा नव्हे. दिवसाला किती घरे करायची आणि किती मानधनावर, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

प्राथमिक शाळा किती काळ बंद होत्या? महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले आणि जानेवारीत पुन्हा काही काळ बंद झाले. म्हणजे जवळपास दोन वर्षे शाळेतील तपासणीची वाट बंद होती. अंगणवाडीत सापडायचे ते मूल पहिलीत सापडू शकले असते, पहिलीचेही दार उघडे नव्हते.

वाहतुकीची गोष्ट अशीच. जिल्हा ओलांडायला ई-पास लागे. आजारपणासाठी तो मिळत असे, पण तो ऑनलाइन काढायचा होता आणि मिळाल्यावर गाडी स्वतःची किंवा भाड्याची करायची होती. एसटीची जिल्ह्याबाहेरची वाहतूक २० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली, ई-पासची अट सप्टेंबरात गेली. पुढे २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांना कारणे होती, हे मान्य करूनही एवढे नोंदवलेच पाहिजे की विषाणू ओसरत असताना, राहिलेल्या तारखा घेण्याची वेळ आली असताना, गरिबाची एकमेव गाडी पुन्हा उभी राहिली.

रुग्णालयांनी ऑपरेशने थांबवली ती आळसाने किंवा भीतीने नव्हे. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि त्या क्षणी रुग्णाचा श्वास थेट भूलतज्ज्ञाच्या तोंडावर येतो. मे २०२० मध्ये २४ देशांतील २३५ रुग्णालयांच्या अभ्यासात दिसले की ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झालेल्या ११२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले. हे रुग्ण मुख्यतः मोठ्या वयाचे होते. मुलांना एवढा धोका नव्हता, पण ते उमगायला वेळ लागला, आणि तोवर नियम सगळ्यांना एकच राहिला. शिवाय अतिदक्षता विभाग चालवतो कोण? भूलतज्ज्ञच. व्हेंटिलेटर लावणारा आणि बाळाला भूल देणारा माणूस पुष्कळ ठिकाणी एकच असतो. श्रीमंत देशांत तो दुसरा आणता येतो. जेथे मुळात दोन असतात, तेथे तिसरा कोठून आणणार?

तोंडावरचा मास्क, अंगावरचा पोशाख, ऑपरेशनआधीची आरटीपीसीआर चाचणी, हे सगळे नव्याने आले. सुरुवातीच्या महिन्यांत हिंगोलीचे नमुने तपासायला जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. रक्तदान शिबिरे थांबल्याने रक्तपेढ्या कोरड्या पडल्या. हृदयाच्या ऑपरेशनला रक्त लागतेच, मग तीही तारीख पुढे. २०२१ च्या मार्चमध्ये हिंगोलीत १ ते ७ तारखेपर्यंत संचारबंदी लागली. एप्रिल-मेमध्ये देशभर प्राणवायूसाठी रांगा लागल्या. भूल देण्याच्या यंत्रालाही तोच प्राणवायू लागतो. त्यापाठोपाठ म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले आणि नाक, कान, घसा विभागाची थिएटरे जबडे आणि डोळे वाचवण्याच्या ऑपरेशनांनी भरली. पहिल्या लाटेनंतर मुलांच्या ज्या तारखा कशाबशा परत मिळाल्या होत्या, त्या दुसऱ्यांदा गेल्या.

एक गोष्ट मात्र रुग्णालयाबाहेर, चुलीपाशी घडत होती. ओठाच्या ऑपरेशनचा ठोकताळा वर आला : साडेचार किलो वजन, दहा ग्रॅम हिमोग्लोबिन. अंगणवाडीचा गरम आहार बंद होऊन कोरडा शिधा घरी येऊ लागला. शिधा घरी आला की तो त्या एका मुलाचा राहत नाही, घराचा होतो, आणि मजुरी बंद असलेल्या घरात तसे होणे स्वाभाविकच आहे. ऊसतोडीहून आणि पुण्या-मुंबईहून परतलेली कुटुंबे गावात होती, हाताला काम नव्हते. दुभंगलेल्या टाळूचे बाळ मुळातच नीट चोखू शकत नाही, त्याला वाटी-चमच्याने दूध पाजायचे शिकवावे लागते. ते शिकवणारी परिचारिका दुसऱ्या कामावर होती. परिणामी थिएटर उघडले, तारीख मिळाली, आई बाळाला घेऊन पोहोचली, आणि भूलतज्ज्ञाने सांगितले की वजन कमी आहे, रक्त कमी आहे, दोन महिन्यांनी या. अशी परत आलेली बाई पुन्हा दोन महिन्यांनी जाईलच असे कोणी धरू नये. घरात तिला आधीच ऐकावे लागलेले असते की ग्रहण पाळले नाहीस म्हणून पोराचा ओठ फाटला. ओठ दुभंगण्याचा ग्रहणाशी कसलाही संबंध नाही, हे प्रत्येक सभेत पुन्हा सांगावे लागते, म्हणून येथेही सांगितले.

आता साचलेल्या कामाकडे वळू. मे २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अंदाज मांडला की सर्वांत अडचणीच्या बारा आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील, म्हणजे ठरलेल्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक. भारताच्या वाट्याला ५ लाख ८० हजारांवर. साचलेले काम उपसायला, दर आठवड्याला नेहमीपेक्षा वीस टक्के जास्त ऑपरेशने केली तरी, सुमारे ४५ आठवडे लागतील, असे त्यांनी म्हटले. हे गणित साधे आहे. बारा आठवड्यांचे ७२ टक्के म्हणजे जवळजवळ पावणेनऊ आठवड्यांचे बुडालेले काम. दर आठवड्याला एक पंचमांश जादा केले तर ते भरून यायला त्याच्या पाचपट, चाळीसच्या वर आठवडे. पण वीस टक्के जादा करणार कोण? जेथे आठवड्यातून एक दिवस मुलांसाठी थिएटर मिळते, तेथे तो सव्वा दिवस कसा करायचा? आणि हा हिशेब एका लाटेचा. आपल्याकडे चाळीस आठवडे उलटून थोडे दिवस झाले न झाले तोच दुसरी लाट आली, जानेवारी २०२२ मध्ये तिसरी.

या अंदाजातील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात कर्करोग, इतर विकार आणि प्रसूती असे गट होते. मुलांचा गट वेगळा नव्हता. दुभंगलेला टाळू आणि म्हाताऱ्याचा मोतीबिंदू ‘इतर विकार’ या एकाच खान्यात. जे मोजले जात नाही त्याला रांगेत जागा मिळत नाही. थिएटर पुन्हा उघडले तेव्हा आधी कर्करोग, मग अपघातांची राहिलेली हाडे, मग मोठ्यांचे दुखणारे आजार, असा क्रम लागला. दुखत नाही, ओरडत नाही, मत देत नाही, अशा रुग्णाचा क्रम शेवटी आला.

हे फक्त येथेच घडले असे नाही. गरीब देशांत महामारीआधीच मोठी तूट होती. २०१५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने सांगितले होते की जगातील पाच अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी आणि वेळेवर शस्त्रक्रिया मिळत नाही. पुढच्या एका अंदाजाने त्यांत १ अब्ज ७० कोटी मुले मोजली. २०१४ च्या इबोलाने हाच धडा पश्चिम आफ्रिकेला दिला होता. सिएरा लिओनमध्ये आधीच हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके सर्जन, त्यांतले डॉ. मार्टिन सालिया नोव्हेंबर २०१४ मध्ये इबोलानेच गेले. एक सर्जन गेला की तेथे एका पिढीची ऑपरेशने जातात. शिबिरांवर अवलंबून असण्याचा धोकाही तिकडे दिसला : मर्सी शिप्स या संस्थेचे ‘आफ्रिका मर्सी’ हे रुग्णालय-जहाज सेनेगलच्या डकार बंदरात मुलांची आणि मोठ्यांची ऑपरेशने करत होते. मार्च २०२० मध्ये त्याला काम थांबवून निघावे लागले. बाहेरून येणारी मदत बाहेरच्या वाटा बंद झाल्या की येत नाही. आपल्या शिबिरांचे तेच झाले.

तरी काही धागे टिकले, आणि ते कसे टिकले हे शिकण्यासारखे आहे. वाकड्या पायाच्या मुलांच्या पालकांना फोनवर सांगून घरीच कोमट पाण्यात प्लास्टर भिजवून काढायला लावले गेले, बूट कसे घालायचे हे व्हिडिओ कॉलवर दाखवले गेले. शौचमार्ग तयार केलेल्या बाळांच्या आयांनी तो रुंद ठेवण्याचे काम घरीच केले, कारण त्यांना ते आधी शिकवलेले होते. १३ एप्रिल २०२० ला ई-संजीवनीची घरबसल्या तपासणी सुरू झाली, त्यातून निदान कागद पाहून ‘हे मूल थांबू शकते, हे नाही’ एवढे तरी सांगता येऊ लागले. मे २०२० मध्ये राज्याने जन आरोग्य योजना सर्व रहिवाशांना खुली केली, त्यामुळे शिधापत्रिकेच्या रंगाची अडचण काही काळ मिटली. या चारही गोष्टींत एक साम्य आहे. मूल आधी सापडलेले होते, त्याचा फोन क्रमांक कोणाच्या तरी वहीत होता. जी मुले सापडण्याआधीच टाळेबंदी लागली, त्यांच्यापर्यंत यातले काहीच गेले नाही.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात थिएटरपासून करण्यापेक्षा यादीपासून करणे अधिक गरजेचे आहे. जिल्ह्यात दोषासह जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे नाव, दोष, ऑपरेशनचे योग्य वय आणि फोन क्रमांक असलेली एक चालती यादी. ती प्रसूतिगृहातच सुरू व्हावी, कारण आज बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि दुभंगलेला ओठ, वाकडा पाय किंवा शौचाची जागा नसणे पाहायला यंत्र लागत नाही, दाईच्या किंवा परिचारिकेच्या नजरेला ते पहिल्या तासात दिसते. त्या यादीत मुलांचा क्रम आल्या तारखेने न लावता, वय निसटण्याच्या तारखेने लावावा. पुढची महामारी आली आणि आठवड्यात दोनच ऑपरेशने करता आली, तर ती कोणाची हे त्या यादीवरून एका मिनिटात ठरेल. कासाईचे बाळ, एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे बाळ आणि मोठ्या छिद्राचे बाळ कोणत्याही टाळेबंदीत थांबवायचे नाही, हे आजच, शांतपणे, लिहून ठेवता येते. बाल स्वास्थ्य पथकातले निदान एक माणूस कोणत्याही साथीत दुसऱ्या कामावर जाणार नाही, हेही.

माणसांचा हिशेब जास्त कठीण आहे. जगभरच्या तुलनेतून असे दिसते की पंधरा वर्षांखालील लाख मुलांमागे निदान ०.४ बालशल्यविशारद असले तर अवघड जन्मदोषांची मुले जगण्याचे प्रमाण बरेच सुधारते. हिंगोलीच्या लोकसंख्येत तीस टक्के मुले धरली तर साडेतीन लाख होतात, म्हणजे एक ते दोन बालशल्यविशारद. मागणी अवाजवी नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे एक आहे. महाविद्यालय आले म्हणून बालशल्यविशारद लगेच येत नाही. तो विभाग सहसा सर्वांत शेवटी उभा राहतो. पण त्याआधी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. लहान बाळाला भूल देऊ शकणारे दोन भूलतज्ज्ञ, लहान मापाच्या नळ्या आणि बाळाला ऊब देणारे टेबल, एवढे झाले की अंडकोष, हर्निया आणि पोटावरचा मार्ग बंद करण्यासारखी कामे महिन्यातून एकदा नांदेडहून किंवा घाटीहून येणाऱ्या शल्यविशारदाच्या हातून हिंगोलीतच होऊ शकतात. वाकड्या पायाच्या प्लास्टरसाठी तर आठवड्यातला एक ठरलेला वार, एक प्रशिक्षित अस्थितज्ज्ञ आणि बुटांचा साठा पुरतो. वसमतच्या आईला सकाळी निघून दुपारी घरी परतता आले, तर पुढच्या आठवड्याचे प्लास्टर चुकण्याचे कारण उरत नाही.

राहिला प्रश्न २०२० ते २०२२ या काळात जन्मलेल्या मुलांचा. ती आता शाळेत आहेत किंवा शाळेच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांपैकी कोणाचा टाळू उशिरा शिवला गेला असेल तर त्याला आता वाणोपचार लागतील. कोणाचा अंडकोष अजून पोटातच असेल तर ऑपरेशन आजही केले पाहिजे, उशीर झाला म्हणून सोडून द्यायचे नाही. कोणाचा पाय पुन्हा वळला असेल तर या वयातही तो बऱ्याच अंशी दुरुस्त होतो. हृदयाचे छिद्र राहिले असेल तर इको काढून अजून बंद करता येईल का ते पाहावे लागेल. शाळेच्या वार्षिक तपासणीत या तीन वर्षांत जन्मलेल्या मुलांची वेगळी, संपूर्ण, कपडे काढून तपासणी झाली, तर हिंगोलीच्या पाचही तालुक्यांतली ही राहिलेली मुले एका वर्षात सापडू शकतात.